डिझेल मोटारीच्या एंजिनाची शक्ती वाढविणे : लाभ, मर्यादा व धोके

सोलापूर शहरातून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. टॉवेल व चादरी विणणारे यंत्रमाग ही सोलापूरची जुनी ओळख होय. परंतु अक्कलकोट रोडच्या याच वसाहतीचा मोटारीच्या एंजिनाशीही निकटचा संबंध आहे. १९९२ साली स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय येथे असून, देशातील व परदेशांतील मोटार कारखान्यांना ही कंपनी कॅमशाफ्ट पुरविते.

कॅमशाफ्ट म्हणजे एंजिनाच्या झडपा ठराविक क्षणी उघडणारा दंड. या दंडावर अंडाकृती उंचवटे असतात. एंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे २,००० फेरे घेतो आणि प्रत्येक झडप सेकंदाला सुमारे ३३ वेळा उघडतो. हे उंचवटे लवकर झिजू नयेत म्हणून ओतकाम करताना साच्यात त्या जागी धातूचे थंड तुकडे बसवून तेवढा भाग झटकन निवविण्याची रीत आहे. त्यामुळे पृष्ठभाग अतिशय कठीण होतो व गाभा तुलनेने मऊ राहतो. नंतर घासकाम करून उंचवट्याचा आकार मिलिमीटरच्या हजारांश भागांपर्यंत अचूक केला जातो.

एंजिनाचा एकेक भाग असा मोजून-मापून घडविलेला असतो. तो किती दाब, किती उष्णता व किती फेरे सहन करील, हे आधी ठरवून मगच त्याची घडण होते. असे असता, पूर्ण झालेल्या एंजिनाची शक्ती बाहेरून वाढवू पाहणाऱ्याने ही मापे बदलल्यावर काय होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या तालुक्यांतून तूर, कांदा व इतर शेतमाल याच रस्त्याने सोलापूरच्या बाजारपेठेत येतो. तो आणणारी पिकअप किंवा जीप आणि कुटुंबाची डिझेल मोटार ही शेतकऱ्याची मोठ्या कष्टाने उभी केलेली मालमत्ता असते. अलीकडे मोठ्या शहरांतून, थोड्या खर्चात अशा गाड्यांची शक्ती वीस ते तीस टक्के वाढवून देण्याचे दावे केले जातात. त्या दाव्यांचा साधकबाधक विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शक्ती कोठून येते

जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आपले पहिले यशस्वी एंजिन चालवून दाखविले. त्याची शक्ती सुमारे वीस अश्वशक्ती होती. पेट्रोल एंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण ठिणगीने पेटवितात. डिझेल एंजिनात ठिणगी नसते. नुसती हवा इतकी दाबली जाते की ती लालबुंद विस्तवासारखी तापते, आणि तीत डिझेलचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. या जळण्याने निर्माण झालेला दाब पिस्टनला खाली ढकलतो व तीच एंजिनाची शक्ती होय.

डिझेल एंजिनाची शक्ती मुख्यत्वे एका फवाऱ्यात किती डिझेल सोडले यावर ठरते. चालक ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा तो डिझेलचेच प्रमाण वाढवीत असतो. म्हणून शक्ती वाढविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अधिक डिझेल सोडणे. परंतु एक किलो डिझेल पुरतेपणी जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात फवारा व हवा यांची मिसळ कधीच परिपूर्ण नसल्याने, धूर न होता जळण होण्यासाठी एका किलोमागे अठरा ते वीस किलो हवा असावी लागते. त्याहून हवा कमी पडली की न जळलेला कोळसा काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतो.

विहिरीवरील ऑईल एंजिनाचा अनुभव असलेल्या शेतकऱ्यास ही गोष्ट नवी नाही. पंपावर बोजा अधिक पडला की एंजिन काळा धूर ओकू लागते. तो धूर म्हणजे जोराची खूण नसून, पैसे देऊन घेतलेले डिझेल वाया जात असल्याची व एंजिन प्रमाणाबाहेर तापत असल्याची खूण असते.

अधिक हवा देण्याचा उपाय म्हणजे टर्बोचार्जर. त्याची मूळ कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्युशी यांची असून तिचे पेटंट १९०५ सालचे आहे. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक लहान चक्र फिरते. त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून एंजिनात भरते. लहान मोटारींतील टर्बोचे चक्र मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेते. त्याची बेअरिंगे तेलाच्या अत्यंत पातळ थरावर तरंगत असतात. एवढ्या नाजूक यंत्राकडून नेमून दिलेल्या कामापेक्षा अधिक काम घेणे किती जोखमीचे आहे, हे यावरून लक्षात येईल.

राखीव बळ म्हणजे काय

कोणताही मोटार कारखाना आपले एंजिन त्याच्या सहनशक्तीच्या टोकापर्यंत वापरीत नाही. काही बळ तो हेतुपुरस्सर राखून ठेवतो. गाडी बिकानेरच्या उन्हाळ्यातही चालली पाहिजे व लडाखच्या थंडीतही. एखादा चालक तेल बदलण्यास उशीर करील, एखादा हलक्या प्रतीचे डिझेल भरील, एखादा क्षमतेहून अधिक माल लादील. या साऱ्या शक्यता गृहीत धरून हे बळ राखलेले असते.

सोलापूर जिल्ह्यात पूर्वी ज्वारी जमिनीतील पेवांत साठवीत व पेरणीचे बी वेगळे राखीत. बी म्हणून राखलेली ज्वारी दळून खाल्ली तर त्या दिवशी घरात भाकरी अधिक होते, पण पुढील पेरणीस बी उरत नाही. शक्ती वाढविणारा कारागीर एंजिनात नवे बळ घालीत नाही. कारखान्याने आणीबाणीसाठी राखून ठेवलेले बळ तो रोजच्या वापरात आणतो. या एका गोष्टीचा विसर पडू न दिल्यास पुढील सर्व विवेचन सहज ध्यानात येईल.

कारखान्याने शक्ती कशी वाढविली : एक उदाहरण

पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथील फियाटच्या कारखान्यात १.३ लिटर मल्टिजेट डिझेल एंजिन तयार होत असे. फियाट, टाटा व मारुती या तिन्ही नावांच्या अनेक गाड्यांत ही जातकुळी वापरली गेली. भारत स्टेज सहा हे धूरनियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर भारतातील नव्या मोटारींतून हे एंजिन गेले; तथापि त्याच्या असंख्य जुन्या गाड्या अद्याप रस्त्यांवर आहेत.

या एंजिनाचे आकारमान १,२४८ घन सेंटिमीटर. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर व पिस्टनची धाव ८२ मिलिमीटर. एवढ्याच आकारमानात ते ७५ अश्वशक्तीच्या व ९० अश्वशक्तीच्या अशा दोन रूपांत मिळत असे. दोन्हींत वीस टक्क्यांचा फरक आहे. येथे वाचक असे म्हणेल की, एंजिन एकच असेल तर ७५ चे ९० करण्यास अडचण ती काय?

अडचण अशी की, कारखान्याने ही वाढ केवळ डिझेल वाढवून केलेली नाही. ७५ अश्वशक्तीच्या एंजिनास साधा टर्बो होता. ९० च्या एंजिनास पाती फिरवून वायूंचा झोत कमीअधिक करता येणारा टर्बो दिला गेला. त्यामुळे अधिक डिझेलाबरोबर अधिक हवाही मिळाली. त्यास अनुसरून फवाऱ्याचे प्रमाण व वेळा नव्याने ठरविल्या गेल्या आणि बदललेल्या एंजिनाची पुन्हा चाचणी झाली. बाजारातील कारागीर जेव्हा ७५ च्या एंजिनातून ९० किंवा ९५ अश्वशक्ती काढून दाखवितो, तेव्हा टर्बो मात्र जुनाच राहतो. आकडा सारखा दिसला तरी त्यामागील व्यवस्था सारखी नसते.

शक्ती वाढविण्याचे प्रचलित मार्ग

पहिला मार्ग जुन्या एंजिनांचा आहे. ज्या जीपगाड्यांत व ट्रॅक्टरांत यांत्रिक इंधनपंप आहे, त्यांच्या पंपावर डिझेलची कमाल मर्यादा ठरविणारा स्क्रू असतो व त्यावर कारखान्याचे मोहोर असते. मोहोर तोडून स्क्रू फिरविणे म्हणजेच बोलीभाषेत 'पंप वाढविणे'. यात डिझेल वाढते. हवा तेवढीच राहते. काळा धूर हे त्याचे तात्काळ दिसणारे फळ होय.

दुसरा मार्ग म्हणजे तारांच्या जोडणीत बसविली जाणारी लहान पेटी. आधुनिक एंजिनात सर्व इंजेक्टरांना एका सामाईक नळीतून अतिदाबाचे डिझेल मिळते. हा दाब पहिल्या पिढीच्या एंजिनांत सुमारे १,३५० बार होता. पुढे तो १,६०० बार व त्याहून वर गेला. बार हे दाबाचे माप असून एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका दाब. नळीतील दाब मोजणारा संवेदक एंजिनाच्या नियंत्रक संगणकास सतत माहिती देत असतो. ही पेटी मध्ये बसून प्रत्यक्षापेक्षा कमी दाब असल्याचे खोटे सांगते. संगणक फसतो व दाब वाढवितो. साहजिकच डिझेल अधिक सुटते. ज्या संगणकाने एंजिनाचे रक्षण करावयाचे, त्यालाच खोटी माहिती पुरविणे हा या पद्धतीचा मूळ दोष आहे.

तिसरा मार्ग म्हणजे नियंत्रक संगणकातील कोष्टकेच बदलणे. कोणत्या फेऱ्यांना, किती हवेस, किती डिझेल व कोणत्या क्षणी सोडावे याची कोष्टके त्यात साठविलेली असतात. जाणकार व प्रामाणिक व्यक्तीने उपकरणांवर मोजमाप करून केलेले काम पेटीपेक्षा निश्चित बरे असते. परंतु हवा, उष्णता व धातूचे बळ यांच्या मर्यादा कोष्टक बदलल्याने बदलत नाहीत.

उष्णतेचा हिशेब

७५ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ५५ किलोवॅट. पूर्ण जोर लावला असता डिझेलातील उष्णतेपैकी सुमारे ३५ टक्के भाग चाकांच्या कामी येतो असे धरू. म्हणजे ५५ किलोवॅट काम मिळविण्यासाठी सुमारे १५७ किलोवॅट इतक्या प्रमाणात डिझेल जाळावे लागते. उरलेली १०२ किलोवॅट उष्णता रेडिएटर, तेल व धुराडे यांच्या वाटे बाहेर टाकावी लागते.

आता शक्ती पंचवीस टक्क्यांनी वाढविली तर टाकाऊ उष्णताही त्याच प्रमाणात वाढून सुमारे १२७ किलोवॅट होते. म्हणजे पंचवीस किलोवॅटची भर पडली. घरातील पाणी तापविण्याचे दोन किलोवॅटचे बारा गिझर एकाच वेळी एंजिनात चालू केल्यासारखेच हे झाले. रेडिएटर मात्र पूर्वीचाच, पंखा पूर्वीचाच व तेलही तेवढेच.

यात स्थानिक हवामानाची भर पडते. सोलापुरात उन्हाळ्यात तापमान ४२ अंशांपर्यंत व कधी त्याच्याही वर जाते. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४२ अंशांची हवा सुमारे पाच टक्के विरळ असते. म्हणजे जेव्हा एंजिनास अधिक हवेची गरज, तेव्हाच ती कमी मिळते आणि रेडिएटरचे निवविण्याचे सामर्थ्यही घटते. थंड हवेच्या ठिकाणी हिवाळ्यात तपासून दिलेली जुळणी सोलापूरच्या वैशाखात निभावेलच, असे मानता येत नाही.

कोणता भाग प्रथम दगा देतो

पिस्टन : मोटारीचा पिस्टन बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळते. पण मिश्रधातूचे बळ त्याच्या पुष्कळ आधी घटू लागते. पिस्टनखालून उडणारे तेल व सिलिंडरभोवतीचे पाणी यांमुळेच तो तग धरतो. डिझेल प्रमाणाबाहेर वाढल्यास पिस्टनच्या माथ्यास तडे जातात किंवा कडा वितळतात.

हेड गॅस्केट व कनेक्टिंग रॉड : वर दिलेल्या ६९.६ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात जळणाचा दाब १५० बार धरल्यास पिस्टनवर साडेपाच टनांहून अधिक भार येतो. मिनिटाला २,००० फेऱ्यांवर असा तडाखा प्रत्येक सिलिंडरात तासाला ६०,००० वेळा बसतो. धातूच्या थकव्याचा नियम असा की, प्रत्येक तडाख्याचा भार थोडा जरी वाढला तरी आयुष्य मात्र त्या प्रमाणात न घटता कित्येक पटींनी घटते. म्हणूनच शक्ती वाढविलेली गाडी पहिल्या महिन्यात उत्तम चालली, हा ती टिकण्याचा पुरावा ठरत नाही.

टर्बो : अधिक फेरे व अधिक तप्त वायू यांमुळे टर्बोची बेअरिंगे झिजतात व तेल गळू लागते. हे तेल हवेच्या नळीतून एंजिनात शिरल्यास एंजिन स्वतःचेच वंगण जाळून अनावर पळू लागते. अशा वेळी चावी बंद केली तरी ते थांबत नाही. गिअर हाताने बदलावयाच्या गाडीत क्लच दाबून वरचा गिअर घालावा, ब्रेक घट्ट दाबून धरावा व क्लच सोडून एंजिन बंद पाडावे. ते न साधल्यास सर्वांनी गाडीपासून दूर व्हावे. एंजिनाजवळ कोणी वाकून उभे राहू नये.

क्लच व गिअरपेटी : अनेक गाड्यांत मोठा पिस्टन किंवा टर्बो नव्हे, तर क्लच प्रथम हार खातो. तो ठराविक पीळ सहन करण्यासाठीच बनविलेला असतो. अधिक पीळ आल्यास तो घसरतो, जळका वास येतो व थोड्याच दिवसांत बदलावा लागतो.

तेल व धूरगाळणी : जास्तीचा कोळसा वंगणात मिसळून ते दाट व काळे होते. भारत स्टेज सहाच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. साठलेली काजळी सुमारे ६०० अंश उष्णतेवर जाळून ही गाळणी स्वतःला साफ करते. काजळी वाढली की ही साफसफाई वारंवार होते आणि काही गाड्यांत त्या वेळी जादा सोडलेल्या डिझेलचा अंश वंगणात उतरतो. तेलाची पातळी न भरता वाढलेली दिसली, तर तेल वाढले असे समजून आनंद मानू नये. त्यात डिझेल मिसळत आहे असे समजावे.

ब्रेक : एंजिनाची शक्ती वाढविली तरी ब्रेक पूर्वीचेच राहतात. ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत दीडपटीहून अधिक गतिज ऊर्जा असते व तेवढी ब्रेकांनाच गिळावी लागते.

शहरातील मोटार व मालाची गाडी

शक्ती वाढवून वर्षानुवर्षे विनातक्रार चाललेल्या गाड्यांची उदाहरणे नेहमी सांगितली जातात. ती खोटी असतात असे नाही. त्यांचे कारण वापरात आहे. शहरातील मोटार पूर्ण जोर लावते ती पुढील वाहन ओलांडताना, आठ-दहा सेकंद. तेवढ्या वेळात धातू पुरता तापत नाही. लगेच त्यास विसावा मिळतो.

शेतमालाच्या गाडीची गोष्ट निराळी. अक्कलकोटहून सोलापूर सुमारे ४० किलोमीटर आहे. कांद्याच्या गोण्या भरून, समोरून वाहणाऱ्या तप्त वाऱ्यात पिकअप निघाली की एंजिनास विसावा क्वचित मिळतो. भरलेली गाडी तुळजापूरकडील बालाघाटच्या चढावर गेली तर पूर्ण जोर मिनिटांमागून मिनिटे लागतो. राखीव बळाची खरी गरज नेमकी अशा वेळी असते आणि ते आधीच खर्चून टाकलेले असते. गाडी बंद पडली तर दुरुस्तीचा खर्च, ओढून नेण्याचा खर्च, बाजाराची हुकलेली वेळ व उन्हात नासलेला माल, असे चहूकडून नुकसान होते. म्हणून ज्या गाडीवर संसाराची मिळकत अवलंबून आहे, तिच्यावर असा प्रयोग करणे हितावह नाही.

कायदा, हमी व विमा

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपुस्तकातील तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे. २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. धूरगाळणी काढून टाकणे किंवा तिचे काम संगणकातून बंद करणे हा तर सार्वजनिक आरोग्यास अपाय करणारा प्रकार आहे. कारखान्याची हमी चालू असल्यास ती अशा बदलाने धोक्यात येते. विमा कंपनीस न कळविता केलेला बदल अपघातानंतर उघड झाल्यास भरपाईचा दावा वादात सापडण्याचा संभव असतो.

वाढविण्यापूर्वी हरवलेली शक्ती मिळवावी

गाडी ओढत नाही अशी तक्रार ज्या गाड्यांविषयी केली जाते, त्यांपैकी पुष्कळ गाड्यांना जादा शक्तीची गरज नसते. त्यांची मूळची शक्तीच निगेअभावी हरवलेली असते. ती परत मिळविण्यात एंजिनाच्या आयुष्याची हानी नाही, उलट वाढ आहे. त्यासाठी पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

१. हवागाळणी तपासावी. काळ्या रानाची बारीक धूळ ती लवकर कोंदविते. धुळीच्या रस्त्यावर वापर असल्यास कारखान्याने सांगितलेल्या मुदतीच्या आधीच गाळणी बदलावी. फाटकी गाळणी कोंदलेल्या गाळणीपेक्षाही वाईट. कारण आत गेलेली धूळ सिलिंडर व टर्बो दोन्ही झिजविते.

२. डिझेलची गाळणी वेळेवर बदलावी व तिच्या तळाशी साठलेले पाणी काढून टाकावे. अतिदाबाचा पंप व इंजेक्टर यांना पाणी अत्यंत घातक आहे.

३. टर्बोपासून एंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या पाहाव्यात. नळीस चीर पडली असेल तर दाबलेली हवा वाटेतच निसटते, शक्ती घटते व काळा धूर येतो. पुष्कळदा सारा दोष एवढ्या एका नळीत व तिच्या पट्टीत सापडतो.

४. इंजेक्टर योग्य उपकरणावर तपासून घ्यावेत. फवाऱ्याऐवजी थेंब पडत असतील तर डिझेल जळत नाही व पिस्टनची हानी होते.

५. जुन्या पद्धतीच्या एंजिनात टॅपेटची फट पुस्तकात दिल्याप्रमाणे आहे ना, हे पाहावे. झडप पुरती मिटत नसेल तर दाब निसटतो.

६. सिलिंडरांचा दाब मोजावा. रिंगा झिजलेल्या एंजिनात डिझेल वाढविणे म्हणजे थकलेल्या बैलास आसूड मारणे होय.

७. चाकांतील हवा, अडकणारे ब्रेक व घसरणारा क्लच तपासावा. एंजिनाचे दुखणे म्हणून ज्यावर खर्च होतो, ते कधी कधी ब्रेकचे असते.

८. कारखान्याने सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे. दूरच्या किंवा चढाच्या प्रवासानंतर एंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवावे, म्हणजे टर्बोची बेअरिंगे निवतात.

एवढे करूनही काम भागत नसेल तर माल कमी भरावा, चढावर वेळीच खालचा गिअर घ्यावा, किंवा पुढील खरेदीच्या वेळी कारखान्यानेच अधिक शक्तीची बनविलेली गाडी निवडावी.

शक्ती आधीच वाढविलेल्या गाडीची दक्षता

जुनी गाडी विकत घेताना ती मूळ स्वरूपात आहे की नाही, हे मालकास विचारून घ्यावे. तारांच्या जोडणीत परकी पेटी, इंधनपंपाचे तुटलेले मोहोर, धुराड्यात काढून टाकलेली गाळणी अथवा जोर लावताच उसळणारा काळा धूर या खुणा दिसल्यास जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी व शक्य तेथे मूळ जुळणी पूर्ववत करावी. पाण्याची टाकी वारंवार कमी होणे, थंड एंजिनातही रबरी नळ्या ताठ राहणे, टर्बोची वाढती शीळ, निळा धूर, क्लचचा जळका वास किंवा तेलाची वाढलेली पातळी यांपैकी एकही चिन्ह दिसले तर गाडीवर माल लादू नये व दुरुस्तीत हयगय करू नये.

सारांश

१. डिझेल एंजिनाची शक्ती डिझेलाबरोबर हवेवरही अवलंबून असते. हवेशिवाय वाढविलेले डिझेल धूर व उष्णता वाढविते.

२. बाहेरून वाढविलेली शक्ती ही कारखान्याने राखलेल्या बळातून घेतलेली उचल असते.

३. कारखाना शक्ती वाढवितो तेव्हा त्यास अनुरूप असे भागही बदलतो. केवळ आकड्यांची बरोबरी करून फसू नये.

४. थोडा वेळ जोर लावणारी मोटार जे सहन करते, ते दीर्घकाळ ओझे वाहणारी गाडी सहन करीत नाही.

५. परवानगीवाचून केलेला बदल कायद्याने दंडनीय आहे.

६. प्रथम निगा राखून गाडीची मूळ शक्ती परत मिळवावी. बहुतेकांची गरज तेवढ्यानेच भागते.

अक्कलकोट रोडसारख्या वसाहतींत कारागीर ज्या कसोशीने एंजिनाचा एकेक भाग घडवितात, त्याच कसोशीने मालकाने त्याची निगा राखल्यास गाडी दीर्घकाळ इमानाने सेवा देईल आणि शेतमाल वेळेवर बाजारात पोहोचेल.